दोन भाषांच्या उंबरठ्यावरचा तत्त्वज्ञ : गुरुदेव रा. द. रानडे

बेंगळुरूहून विजयपूरमार्गे सोलापूरकडे जाणारी आगगाडी विजयपूर मागे टाकून उत्तरेला निघाली की काही वेळाने निंबाळ नावाचे एक लहानसे स्थानक लागते. नोकरीनिमित्त मारतहळ्ळीसारख्या उपनगरांत स्थिरावलेल्या ज्या मराठी कुटुंबांचे मूळ गाव सोलापूर-पंढरपूरकडे आहे, त्यांच्या गावाकडच्या वाटेवरचेच हे ठिकाण. या आडगावात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक प्राध्यापक राहत असे. त्याच्या टेबलावर ज्ञानेश्वरी, दासबोध आणि प्लेटो या तिघांनाही सारखाच मान होता. मराठी संतांच्या वाङ्मयाला विद्यापीठीय तत्त्वज्ञानाच्या सभागृहात मानाचे आसन मिळवून देणारे हे विद्वान म्हणजे प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे. विद्वज्जन त्यांना प्रोफेसर रानडे म्हणून ओळखत, साधक गुरुदेव म्हणत. ही दोन्ही संबोधने एकाच माणसाला शोभावीत, यातच त्यांच्या आयुष्याचे मर्म आहे.

रानड्यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे तेव्हा पटवर्धन घराण्याचे संस्थान होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. दरबारी व्यवहार आणि अनेक घरे मराठी, तर बाजार, शेत आणि भोवतीची खेडी कानडी, असा तिथला रिवाज. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला दोन भाषा वेगवेगळ्या शिकाव्या लागत नसत. त्या त्याच्या कानांवर एकत्रच पडत. पुढे ज्या अभ्यासकाने मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील भक्तिवाङ्मय सारख्याच आत्मीयतेने उलगडून दाखवले, त्याची घडण या उंबरठ्यावरच्या गावात झाली होती. जमखंडीच्या परशुरामभाऊ हायस्कुलातून ते १९०२ साली मॅट्रिक झाले.

त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवणारी एक घटना घडली होती. उमदीचे भाऊसाहेब महाराज यांच्याकडून त्यांना नामदीक्षा मिळाली. त्या वेळी रानडे अवघ्या पंधरा वर्षांचे होते. भाऊसाहेब महाराजांची परंपरा निंबरगीच्या महाराजांपासून चालत आलेली. निंबरगीचे महाराज लिंगायत समाजातले आणि कन्नडभाषी, तर भाऊसाहेब महाराज मराठी वळणाचे देशस्थ ब्राह्मण. त्यांनी विजयपूर जिल्ह्यातील इंचगिरी येथे मठ उभारला. या संप्रदायात दासबोधाचे वाचन होई आणि भजने मराठीत तशीच कन्नडमध्येही म्हटली जात. जातीच्या आणि भाषेच्या भिंती जिथे आपोआप गळून पडत, असे हे वातावरण होते. मुंबईतील निसर्गदत्त महाराजांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज हेही याच भाऊसाहेब महाराजांचे शिष्य.

पंधराव्या वर्षी मिळालेल्या दीक्षेने या मुलाने घर सोडले नाही, शिक्षणही सोडले नाही. तो पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाला आणि पदवीसाठी त्याने विषय निवडला तो गणित. तर्काची शिस्त, एका पायरीवरून दुसरीवर जाताना कारण सांगण्याची सवय आणि सिद्धतेवाचून काहीही न स्वीकारण्याचा बाणा या गोष्टी गणिताने त्यांना दिल्या. पुढे त्यांनी तत्त्वज्ञान आणि अध्यात्म यांवर जे काही लिहिले, त्याच्या मांडणीत हा गणिताचा संस्कार स्पष्ट जाणवतो. विषयाचे भाग पाडणे, प्रत्येक भागाला नेमके नाव देणे आणि मग तो तपासणे, ही त्यांची पद्धत अखेरपर्यंत टिकून राहिली.

१९०९ च्या सुमारास त्यांना गंभीर आजाराने गाठले. हा आजार इतका विकोपाला गेला की जगण्याचीच शाश्वती उरली नव्हती. नामस्मरणाचे महत्त्व आपल्याला खऱ्या अर्थाने याच काळात उमगले, असे त्यांच्या चरित्राचे अभ्यासक सांगतात. आजारातून उठल्यावर त्यांचे मन गणिताकडून तत्त्वज्ञानाकडे पूर्णपणे वळले. पुढे १९३६ साली डॉ. राधाकृष्णन आणि म्यूरहेड यांनी समकालीन भारतीय तत्त्वज्ञांच्या निबंधांचा एक ग्रंथ संपादित केला. त्यात स्वतःच्या विचारांची वाटचाल सांगताना रानड्यांनी बुद्धीच्या प्रवासाइतकेच महत्त्व अंतरीच्या अनुभवाला दिले आहे. तत्त्वज्ञान ही त्यांच्यासाठी पोटापाण्याची सोय नव्हती. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाने स्वतःला विचारलेला तो प्रश्न होता.

१९१४ साली मुंबई विद्यापीठाची तत्त्वज्ञानाची एम.ए. परीक्षा ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्यांची उत्तरपत्रिका तपासणाऱ्या इंग्रज परीक्षकाने या विद्यार्थ्याला आपल्यापेक्षा अधिक कळते अशा आशयाचा शेरा मारला, ही आख्यायिका त्यांच्या शिष्यवर्गात आजही सांगितली जाते. त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला. एका बाजूला विद्येचा सर्वोच्च सन्मान आणि दुसऱ्या बाजूला गुरूचा वियोग, अशा संधिकालात रानडे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापनासाठी रुजू झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली सुरू केलेल्या सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही त्यांनी काही काळ शिकवले.

त्यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्या काळातील विद्यापीठांचे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. तत्त्वज्ञान म्हणजे ग्रीक आणि युरोपीय विचार, फार तर संस्कृतातील दर्शने, अशी विद्वानांची समजूत होती. देशी भाषांतील वाङ्मयाकडे पाहण्याची दृष्टी उपेक्षेची होती. मराठीला मुंबई विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले. ज्ञानेश्वरीवर ग्रंथ लिहिणारे होते, कीर्तनातून ती घराघरांत पोहोचवणारे होते. पण ती तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून प्लेटोच्या किंवा शंकराचार्यांच्या पंक्तीला बसवून अभ्यासावी, हा विचार विद्यापीठाच्या चार भिंतींत फारसा कुणाच्या मनाला शिवला नव्हता.

ही उपेक्षा केवळ आपल्याच वाट्याला आली होती असे नाही. ज्या इंग्रजीच्या वैभवाने आपले विद्वान दिपून गेले होते, त्या इंग्रजीलाही आपल्याच देशातील जुन्या विद्यापीठांत शिरकाव करण्यासाठी वाट पाहावी लागली. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी परीक्षा सुरू झाली ती १८९४ साली, तर केंब्रिजमध्ये १९१७ साली. तोवर तिथेही ग्रीक आणि लॅटिन यांचाच दबदबा होता. चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये रिचर्ड रोल, वॉल्टर हिल्टन आणि नॉर्विचची ज्युलियन यांसारख्या साधकांनी आपले ईश्वरानुभव लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या इंग्रजीत लिहिले होते. त्या शतकाच्या पूर्वार्धात, १३५० पर्यंत, महाराष्ट्रात नामदेव हयात होते, तर ज्ञानेश्वरी त्याही आधी, १२९० मध्ये, सिद्ध झाली होती. ही जुनी इंग्रजी हस्तलिखिते छापून काढण्यासाठी १८६४ साली लंडनला एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. ज्युलियनच्या ग्रंथाची सर्वसामान्य वाचकाला वाचता येईल अशी आवृत्ती १९०१ मध्ये निघाली आणि एव्हलिन अंडरहिल या विदुषीचा गूढानुभवावरील प्रसिद्ध ग्रंथ १९११ मध्ये. इकडे महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची जुनी प्रत संपादून प्रसिद्ध केली ती १९०९ साली. दोन दूरच्या देशांत, साधारण एकाच पिढीत, लोकभाषेतील मध्ययुगीन धन तळघरातून वर काढले जात होते. ते वर आल्यावर त्याची तत्त्वज्ञ म्हणून पारख करणारा जाणकार मराठीला लाभला तो रानड्यांच्या रूपाने.

रानड्यांनी या कामाला एकदम हात घातला नाही. आधी त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञानाचा कसून अभ्यास केला. हेराक्लिटस, पार्मेनिडीज, ॲरिस्टॉटल यांच्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिले. जग सतत बदलते असे म्हणणारा हेराक्लिटस आणि सत् तत्त्व अविचल आहे असे म्हणणारा पार्मेनिडीज यांच्यातील वाद वाचताना भारतीय वाचकाला आपल्या दर्शनांची आठवण होणे स्वाभाविक होते. त्या आठवणीला रानड्यांनी अभ्यासाची बैठक दिली. तुलना करताना अमुक गोष्ट आमच्याकडे आधीच होती, असा अभिनिवेश त्यांनी बाळगला नाही. माणसाचे मन सर्वत्र एकाच जातीचे असल्यामुळे दूरदूरच्या देशांत सारखे प्रश्न आणि सारखी उत्तरे उमटतात, ही त्यांची धारणा होती.

याच काळात एक भव्य संकल्प आकाराला आला. भारतीय तत्त्वज्ञानाचा वेदकाळापासून आधुनिक काळापर्यंतचा ज्ञानकोशसदृश इतिहास १६ खंडांत सिद्ध करावा, असे रानडे आणि त्यांचे ज्येष्ठ स्नेही डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी ठरवले. बेलवलकर हे हार्वर्डला शिकून आलेले संस्कृत पंडित आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या संस्थापकांपैकी एक. सुरेंद्रनाथ दासगुप्तांच्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा पहिला खंड १९२२ मध्ये, तर राधाकृष्णन यांचा पहिला खंड १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पुण्याचा हा संकल्प व्याप्तीने त्यांच्याहूनही मोठा होता. त्याचे वेगळेपण असे, की देशी भाषांतील संतांच्या विचारांना त्यात स्वतंत्र खंड राखून ठेवलेला होता. कल्पनेतल्या सोळा खंडांपैकी प्रत्यक्षात प्रसिद्ध झाले ते दोनच. उपनिषदकाळाचा विचार करणारा दुसरा खंड बेलवलकरांसह १९२७ मध्ये आला आणि महाराष्ट्रातील संतांवरचा सातवा खंड १९३३ मध्ये. चौदा खंड राहिले ते राहिलेच. परंतु पुऱ्या झालेल्या दोन खंडांपैकी एक संतांचा असावा, यावरून रानड्यांच्या मनाचा ओढा कुठे होता ते कळते.

तत्पूर्वी १९२६ साली त्यांचा उपनिषदांवरील ‘कन्स्ट्रक्टिव्ह सर्व्हे ऑफ उपनिषदिक फिलॉसॉफी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव देशभर झाले. उपनिषदांतून केवळ अद्वैतच निघते की द्वैतही, या प्रश्नावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झडले. रानड्यांनी या वादाला वेगळे वळण दिले. नंतरच्या सर्व दर्शनांची बीजे उपनिषदांत विखुरलेली आहेत आणि या भिन्न मतांचा मेळ शेवटी आत्मसाक्षात्काराच्या अनुभवात बसतो, अशी त्यांची मांडणी होती. ग्रंथाचा शेवटही त्यांनी त्याच अनुभवाच्या विवेचनाने केला. उपनिषदांकडे वादाचा विषय म्हणून पाहू नये, ती अनुभव घेतलेल्या माणसांची बोलणी म्हणून ऐकावीत, हे त्यांचे सांगणे होते.

या यशाच्या उंबरठ्यावर असतानाच १९२४ च्या सुमारास रानड्यांनी पुण्यातील नोकरीतून मोकळे होण्याचा निर्णय घेतला. प्रकृती तोळामासाची होती आणि घरातील माणसांच्या मृत्यूचे आघातही मागल्या काही वर्षांत सोसावे लागले होते. निंबाळ हे इंचगिरीच्या मठापासून फार दूर नसलेले, रेल्वेची सोय असलेले आणि हवा कोरडी असलेले गाव त्यांनी राहण्यासाठी पसंत केले. आजूबाजूला काळीभोर जमीन, ज्वारीची शेते आणि रात्रीची निःशब्द शांतता. दिवसाचा मोठा भाग ध्यानात आणि उरलेला वाचन-लेखनात, असा त्यांचा क्रम सुरू झाला. आहार अगदी अल्प होता. लौकिकदृष्ट्या पाहिले तर चाळिशीच्या आतच एका नामवंत प्राध्यापकाने आपली कारकीर्द संपवली होती.

परंतु विद्येने त्यांना सोडले नाही. अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू महामहोपाध्याय गंगानाथ झा हे स्वतः मीमांसेचे थोर पंडित. त्यांनी रानड्यांना तत्त्वज्ञान विभागाच्या प्रमुखपदासाठी पाचारण केले आणि १९२७ च्या सुमारास रानडे अलाहाबादला गेले. विभागप्रमुख, कला शाखेचे अधिष्ठाता आणि काही काळ कुलगुरू अशी पदे त्यांनी तेथे सांभाळली. त्या काळातील अलाहाबाद विद्यापीठ म्हणजे विद्वानांची मांदियाळी होती. इंग्रजी विभागात अमरनाथ झा आणि उर्दूचे कवी रघुपती सहाय फिराक होते. पुढे हिंदी कवी हरिवंशराय बच्चनही तेथे इंग्रजी शिकवू लागले. अशा वातावरणात रानडे १९४६ पर्यंत, म्हणजे सुमारे दोन दशके, राहिले. सुट्ट्या लागल्या की ते निंबाळ गाठत. गंगाकाठचे विद्यापीठ आणि विजयपुराच्या माळावरचे खेडे या दोन टोकांमध्ये त्यांचे आयुष्य विभागले गेले होते. मात्र दोन्हीकडे ते एकच काम करीत होते.

या काळातील त्यांचे मुख्य फळ म्हणजे १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा ग्रंथ. त्याची तयारी त्यांनी कितीतरी आधीपासून केली होती. ज्ञानेश्वर, नामदेवादी संत, तुकाराम आणि रामदास यांच्या वचनांचे विषयवार संग्रह त्यांनी मराठीत सिद्ध केले. ‘ज्ञानेश्वर वचनामृत’, ‘संतवचनामृत’, ‘तुकाराम वचनामृत’ आणि ‘रामदास वचनामृत’ ही ती पुस्तके. आधी मूळ वचने निवडायची, त्यांची संगती लावायची आणि मगच त्यांवर भाष्य करायचे, अशी ही शिस्तशीर वाट होती. मराठी वाचकाला मूळ वचने मराठीतून आणि जगाला त्यांचे विवेचन इंग्रजीतून, अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी उचलली.

त्या ग्रंथात रानड्यांनी संतपरंपरेची पाच युगांत विभागणी केली आणि प्रत्येकाचे वैशिष्ट्य एकेका शब्दात टिपले. ज्ञानेश्वरांचा साक्षात्कार बुद्धिप्रधान, कारण तेथे अनुभव आणि तत्त्वविचार हातात हात घालून चालतात. नामदेव आणि त्यांच्या समकालीनांचा लोकशाही वळणाचा, कारण गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखामेळा आणि जनाबाई अशी समाजाच्या सर्व थरांतली माणसे तेथे एकाच अधिकाराने बोलतात. एकनाथांचा समन्वयशील, कारण त्यांनी प्रपंच आणि परमार्थ, संस्कृत आणि मराठी यांची सांगड घातली. तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ, कारण त्यांच्या अभंगांत एका माणसाची तळमळ, निराशा आणि कृतार्थता टप्प्याटप्प्याने उलगडत जाते. रामदासांचा कृतिप्रधान, कारण तेथे प्रयत्नाला उपासनेइतकेच मोल आहे. ही पाच नावे इतकी रुळली की पुढच्या अभ्यासकांना त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाता आले नाही.

मिस्टिसिझम या इंग्रजी शब्दाला मराठीत गूढवाद म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे चमत्कार, सिद्धी, मंत्रतंत्र असा भलताच अर्थ मनात येतो. रानड्यांना हा अर्थ मुळीच मान्य नव्हता. ईश्वराची प्रत्यक्ष, स्वतःला आलेली आणि शब्दांपलीकडची प्रचीती हा त्यांच्या दृष्टीने या शब्दाचा गाभा होता. ही प्रचीती खरी की भ्रम, हे ओळखण्यासाठी त्यांनी कसोट्याही दिल्या. ती देशकालाच्या पलीकडे सर्वत्र सारखी आढळली पाहिजे. तिने बुद्धी मंद न होता अधिक तेजस्वी झाली पाहिजे. भावना शुद्ध झाल्या पाहिजेत. आणि माणसाच्या आचरणात नीतीचे बळ दिसले पाहिजे. ज्याचे वागणे सुधारले नाही, त्याच्या साक्षात्काराच्या गोष्टींवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, असा हा रोखठोक निकष. बुवाबाजीला त्यात थारा नव्हता.

यातल्या पहिल्या कसोटीसाठीच त्यांना जगभरच्या साधकांची साक्ष आवश्यक वाटली. प्लॉटिनस, संत ऑगस्टीन, जर्मनीचा एकहार्ट, स्पेनची तेरेसा आणि क्रूसचा जॉन यांच्या अनुभवांशी त्यांनी मराठी संतांचे अनुभव ताडून पाहिले. भाषा वेगळी, देव वेगळा, उपासना वेगळी. परंतु प्रकाशाचे, नादाचे, आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीचे आणि अखेरच्या शांतीचे वर्णन आश्चर्य वाटावे इतके जवळचे. देहूचा वाणी आणि युरोपातील मठवासी यांची एकमेकांना ओळख असण्याची शक्यता नव्हती. म्हणूनच त्यांच्यातील साम्याला रानडे पुराव्याइतके वजन देत. गणिताच्या विद्यार्थ्याची ही नजर होती.

योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच दशकात इंग्लंडमध्येही मध्ययुगीन साहित्याकडे नव्या नजरेने पाहिले जात होते. आज मुलांच्या आवडीच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ‘नार्निया’ या कथामालांमुळे पालकांनाही ज्यांची नावे ठाऊक आहेत, ते टॉल्किन आणि लुईस हे दोघे मुळात ऑक्सफर्डचे मध्ययुगीन साहित्याचे अध्यापक. लुईस यांनी तर सुरुवातीला वर्षभर तत्त्वज्ञान शिकवले आणि मग ते इंग्रजीकडे वळले. जुन्या इंग्रजीतील बेओवुल्फ हे काव्य इतिहासाची साधने उकरण्याची खाण नाही, ते काव्य म्हणूनच वाचले पाहिजे, असे टॉल्किन यांनी १९३६ च्या एका व्याख्यानात ठामपणे मांडले. रानडे त्यापूर्वी तीन वर्षे मराठी संतांविषयी याच जातीचे काही सांगून गेले होते. अभंगांतून शिवकाळाची माहिती मिळते, जुन्या व्याकरणाची रूपे सापडतात, समाजाचे चित्र दिसते, हे सारे खरे. पण ज्यासाठी ते अभंग रचले गेले तो अनुभव बाजूला ठेवून केलेला अभ्यास गाभाऱ्यात न जाता परतणाऱ्या यात्रेकरूसारखा होय.

रानड्यांच्या या दृष्टीला मर्यादाही आहेत. सारा भर आंतरिक अनुभवावर असल्यामुळे संतांच्या वाणीतील सामाजिक वेदना त्यांच्या विवेचनात काहीशी मागे पडते. चोखामेळ्याच्या अभंगांत देवाच्या ओढीइतकेच देवळाच्या पायरीवर अडवले गेल्याचे दुःख आहे. त्या दुःखाची कारणे समाजरचनेत शोधण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांनी केले. तसेच संतांच्या सर्व रचनांना साक्षात्काराच्या एकाच मापाने मोजले की लोकगीत, विनोद, रूपक, भांडण अशी त्यांतली रंगीबेरंगी माणसाळलेली बाजू झाकली जाते. तरीही हे पुढचे सर्व वाद ज्या पायावर उभे राहिले, तो पाया रानड्यांनी घातला. चोखामेळ्याला आणि जनाबाईला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात मानाचे पान देणारे ते अगदी आरंभीच्या विद्यापीठीय तत्त्वज्ञांपैकी होते, हे विसरता येणार नाही.

भाऊसाहेब महाराजांच्या मागे जिगजेवणीचे अंबुराव महाराज संप्रदायाची धुरा वाहत होते. १९३३ मध्ये तेही गेले आणि साधकांची दृष्टी रानड्यांकडे वळली. अलाहाबादच्या वर्गात प्लेटो शिकवणारे प्राध्यापक आता निंबाळला आलेल्या शेतकऱ्याला, वकिलाला, विद्यार्थ्याला नाम देऊ लागले. तरीही त्यांनी मठाधिपतीचा थाट मांडला नाही. विद्वत्तेत श्रद्धेची लुडबूड होऊ दिली नाही आणि श्रद्धेत विद्वत्तेचा ताठा येऊ दिला नाही. हा तोल सांभाळणे सोपे नव्हते. विद्यापीठातील काहींना त्यांची भक्ती खटकत असेल आणि भक्तांपैकी काहींना त्यांचे ग्रीक तत्त्वज्ञान अनाकलनीय वाटत असेल. रानड्यांनी मात्र या दोहोंपैकी एकाचीही साथ सोडली नाही.

निवृत्तीनंतर १९४६ पासून ते निंबाळलाच राहू लागले. अलाहाबादच्या मुक्कामात त्यांनी कबीर, सूरदास, तुलसीदास, मीराबाई यांची पदे आत्मसात केली होती. त्यांच्या निवडक पदांचा संग्रह ‘परमार्थ सोपान’ आणि त्यावरचा इंग्रजी विवेचनग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. मग ते आपल्या जन्मभूमीच्या दुसऱ्या भाषेकडे वळले. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात त्यांनी कन्नड भक्तिवाङ्मयावर व्याख्याने दिली. हरिदास आणि शिवशरण यांच्या वाणीत त्यांना तोच अनुभव सापडला, जो मराठीत आणि हिंदीत सापडला होता. या व्याख्यानांवर आधारलेला ग्रंथ त्यांच्या पश्चात १९६० मध्ये प्रकाशित झाला. भगवद्गीतेवरचा त्यांचा ग्रंथही त्यांच्या मागेच, १९५९ मध्ये वाचकांसमोर आला.

मराठी, हिंदी आणि कन्नड या तीन भाषांतील वाङ्मयाला त्यांनी ईश्वराकडे जाणाऱ्या वाटा मानले. या मांडणीतील उदारता आज अधिक जाणवते. ते हे काम करीत होते तेव्हा भोवती भाषावार प्रांतरचनेचे वादळ घोंघावत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विजयपूर, बेळगाव, धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. निंबाळही त्यांच्याबरोबर गेले. नकाशावरची रेघ रानड्यांच्या घराच्या उत्तरेला सरकली. घरातले भजन मात्र पूर्वीसारखेच दोन्ही भाषांत चालू राहिले. त्यानंतर सात महिन्यांनी, ६ जून १९५७ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी निंबाळ येथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांचे कार्य त्यांच्याबरोबर संपले नाही. यादवकालीन मराठीचे गाढे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळे हे रानड्यांचे अनुयायी. त्यांनी रानड्यांचे चरित्र आणि तत्त्वज्ञान सविस्तर लिहिले आणि जुन्या मराठीचा बृहद् कोश डॉ. ॲन फेल्डहाउस यांच्यासह सिद्ध केला. बेळगावच्या हिंदवाडीतील गुरुदेव रानडे मंदिरात त्यांच्या ग्रंथांचे वाचन-चिंतन चालते. निंबाळच्या आश्रमात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतून साधक येतात.

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांना या चरित्रात एक खास आधार सापडतो. मुलाला कोणत्या भाषेत शिकवावे, ही चिंता आज प्रत्येक घरात आहे. मारतहळ्ळीतल्या मराठी घरात ती अधिकच तीव्र होते. कारण तिथे मूल घरी मराठी ऐकते, शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकते, खेळताना हिंदी बोलते. एवढ्या भाषांत आपली भाषा मागे पडेल, असे आईवडिलांना वाटते. रानड्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले, ग्रीक विचार पचवला, हिंदी पदांवर प्रेम केले, कन्नड वचनांपुढे मस्तक लववले. आणि यांपैकी एकाही गोष्टीने त्यांची ज्ञानेश्वरी दुरावली नाही. उलट बाहेरच्या प्रत्येक भाषेने त्यांना तिच्या अधिक जवळ नेले. मात्र त्यासाठी एक अट त्यांनी आयुष्यभर पाळली : आपल्या भाषेतले श्रेष्ठ ग्रंथ देव्हाऱ्यात नुसते पुजून ठेवायचे नाहीत, जगातल्या सर्वोत्तम ग्रंथांशेजारी ठेवून ते रोज वाचायचे. ज्या घरात अशी एखादी ओवी आठवड्यातून एकदा तरी अर्थासह वाचली जाते, त्या घराचा पत्ता कोणत्याही राज्यात असो, मराठीची चिंता तिथे निम्मी सरलेली असते.